कीपर जागचा हलला नाही

कीपरभाईंच्या बोटावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या टीममधला पहिला धडा. उजव्या हाताचं पहिलं बोट मधल्या पेरातून असं वाकलेलं, की ते दाखवायचे समोर आणि बोट जायचं डावीकडे. मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या बसवर नवा ड्रायव्हर आला होता, पेशावरकडचा, भलताच आज्ञाधारक. कीपरभाई पुढच्या सीटवर. त्यांना सकाळी सकाळी बोलायचा कंटाळा, म्हणून राउंडअबाउट आलं की नुसतं बोट करायचे. ड्रायव्हरने बोट पाहिलं आणि बस वळवली. आम्ही अकरा-बारा जण मागे डाराडूर. जाग आली तेव्हा निझवाच्या रस्त्याला डोंगर लागले होते आणि मॅच तिकडे समोरच्या टीमला फुकट देऊन झाली होती. मी चिडलो. मी पहिल्यापासून तोंडाळ माणूस. म्हटलं, "भाई, तोंडाने सांगायला काय झालं होतं?" तर हे शांतपणे म्हणतात, "मी सरळच सांगितलेलं. बोट वाकडं आहे त्याला मी काय करू?"

ही दहा बोटं म्हणजे त्यांच्या आयुष्याचं सर्टिफिकेट होतं. मुंबईत एका मोठ्या ऑफिसच्या टीममध्ये त्यांनी पगारावर विकेटकीपिंग केलेली. मग मस्कतला आले ते पण ग्लोव्हज घेऊनच. इथे कंपन्या-कंपन्यांची लीग चालते. विसावर लिहिलेलं असतं हेल्पर नाहीतर स्टोअरकीपर, आणि माणूस आणलेला असतो फास्ट बोलिंग टाकायला. रुसैलमधली आमची कंपनी पाइप बनवते, पण आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, पाइपापेक्षा लीगच्या शील्डमध्ये जास्त रस. लहानपणी काही वर्षं मुंबईत राहिलेला ओमानी माणूस, हिंदी माझ्यापेक्षा फर्डी. रन करत असलात की खांद्यावर हात टाकून "माय फ्रेंड". रन आटले की "खलास", आणि पुढच्या महिन्यात तुम्ही विमानात.

मला आणलं ते कीपर म्हणूनच. मी चिपळूणचा. आलो तेव्हा ते टीमचे मॅनेजर होऊन आठ वर्षं झाली होती, तरी अर्बाबपासून मेसमधल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना कीपरच म्हणायचे. मॅनेजर म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा, अशी माझी समजूत. इथे तर उंटही मुबलक. पण हा माणूस उंटावर काय, खुर्चीवरसुद्धा बसेना. कंपनीने त्यांना बाउंड्रीबाहेर ठेवायला हात असलेली छान खुर्ची दिली होती. तिच्यावर हेल्मेटं आणि पाण्याच्या बाटल्या. स्वतः साइटस्क्रीनच्या बाजूला, बरोबर माझ्या पाठीमागच्या रेषेत, उकिडवे. पंचावन्न वर्षांचा माणूस चाळीस ओव्हर उकिडवा बसायचा. मेसमध्ये तसंच, ऑफिसच्या मीटिंगलासुद्धा एकदा भिंतीला टेकून तसेच बसले, तेव्हा एचआरच्या बाईंना वाटलं यांना चक्कर आली.

"खुर्चीत बसलं की पाय दिसत नाहीत," म्हणायचे.

पायांचं त्यांना वेड होतं. कीपर जन्मभर लोकांना मागून बघतो, तोंडं कधी दिसतच नाहीत, म्हणून ते माणूस पायावरून ओळखायचे. घरून वाईट फोन आला असेल तर त्यांना आम्ही सांगायच्या आत कळायचं. माझ्या आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी मी कुणाला बोललो नव्हतो. नेट्समध्ये पॅड बांधून दोन पावलं चाललो असेन, तर मागून आवाज, "घरी कोण आजारी?" संध्याकाळी मेसमध्ये माझ्या ताटाशेजारी येऊन उकिडवे बसले, बोटं वाकडी म्हणून चमच्याने आमटी प्यायले, आणि आईचं ऑपरेशन झाल्याचा फोन येईपर्यंत उठले नाहीत. कोणी इतकं जवळ बसलं की मला अवघडल्यासारखं होतं, पण त्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यांचे दोन नियम होते आणि दोन्ही मला मूर्खपणाचे वाटायचे. पहिला नियम असा, की अपील करायचं नाही. म्हणजे बोलरने करावं, स्लिपवाल्याने घसा फाडावा, पण कीपरने तोंड उघडायचं नाही. "अंपायरने विचारलं तर सांग. ओरडू नको." आता कीपर ओरडला नाही तर तो कीपर कसला? लीगमध्ये मला 'गूंगा कीपर' नाव पडलं. समोरच्या टीमचे लोक बॅटिंगला येताना हाताने खुणा करून विचारायचे, कैसे हो. मी तोंडाळ माणूस, मला हे किती झोंबायचं ते माझं मला माहीत.

दुसरा नियम फोर्कलिफ्टचा. आठवड्यातून चार दिवस ड्यूटी संपली की आम्हाला नेट्स लावायचे. पण त्याआधी एक तास, कुणी असो, ओपनर असो की कॅप्टन, यार्डात जाऊन फोर्कलिफ्ट शिकायचं. नाहीतर स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसायचं. ज्याला येत नाही त्याला बॉल खेळायला मिळणार नाही. आम्ही म्हणायचो, आम्ही काय हमाली करायला आलोय? आमचा एक पंजाबी ऑलराउंडर तर रडकुंडीला आला होता. कीपरभाई ऐकून घ्यायचे आणि यार्डाकडे बोट करायचे. ते बोट अर्थात कॅन्टीनकडे जायचं, पण एव्हाना आम्हाला सवय झाली होती.

"बॅट हातात आहे तोवर माय फ्रेंड," ते म्हणायचे. "लायसन हातात असेल तर उद्याही जेवशील. यल्ला, चल."

सांगायला लाज वाटत नाही, आज मी त्याच लायसनवर आणि त्याच कॉम्प्युटरवर जेवतोय. क्रिकेट सुटून चार वर्षं झाली, मी स्टोअर इनचार्ज आहे. बायको-मुलगी बौशरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मुलगी माझ्याशी अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलते आणि क्रिकेटला 'सो बोरिंग' म्हणते. ते ऐकून कीपरभाई हसले असते.

तिसरी एक सवय होती, तिला नियम म्हणता येणार नाही. दर शुक्रवारी मॅच संपली, लोक जुम्म्याची नमाज आटपून आले, जेवणं झाली, की ते कंपनीच्या राहत्या बिल्डिंगच्या सावलीला उकिडवे बसून गावाला फोन लावायचे. पूर्वी फोनचं कार्ड खरवडून नंबर दाबावे लागत, त्यांना त्या बोटांनी ते जमायचं नाही, म्हणून मी दाबून द्यायचो. मग सुरू, "हां रे बाबल्या, आज जिंकलव रे! एकशे साठ केले, तिसऱ्या ओव्हरीत दोघे भायर..." सगळा स्कोअर, कोण कसा आउट झाला, कॅच कुणी सोडला. कॅच मी सोडलेला असला की माझ्यासमोर माझीच उणीदुणी. उन्हाळ्यात मॅच नसायच्या, तर फोर्कलिफ्टची परीक्षा कोण पास झाला ते सांगायचे. "पावस पडता काय रे? जेवलंस काय?" आणि ठेवायच्या आधी दर वेळी थोडा वेळ गप्प. फोन कानाला, काही बोलायचे नाहीत. मग "बरा, ठेवतंय."

मी समजत होतो, बाबल्या म्हणजे यांचा धाकटा भाऊ असणार. त्यांचं घर मालवणजवळ. बायको गेलेली, एक मुलगी, तिचंही लग्न झालेलं. भावाशिवाय इतक्या नेमाने कुणाला फोन करील माणूस?

आता ती सेमीफायनल सांगतो. ती सांगताना अजून माझे कान गरम होतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. अर्बाबने त्या साली स्पष्ट सांगितलं होतं, शील्ड नाही तर टीम बंद. समोरच्यांना वीस रन हवे होते आणि त्यांचा एकच सेट बॅट्समन उरला होता. आमची ग्राउंडं म्हणजे खडी, मधे सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर मॅट. बॉल त्याच्या बॅटची कड घेऊन खाली आला, मी पुढे झेप घेतली, आणि बॉल ग्लोव्हजमध्ये यायच्या केसभर आधी खडीला टेकला. मला कळलं. कीपरला कळतंच, बोटांना कळतं. बाकी कुणाला दिसणं शक्य नव्हतं. सगळी टीम ओरडत होती. अंपायर मला म्हणाला, "कीपर, क्लीन?"

मी म्हटलं, "क्लीन."

बॅट्समन निघाला. आमचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि मला दिसलं, साइटस्क्रीनजवळून कीपरभाई उठले आणि मैदानात चालत यायला लागले. चालू मॅचमध्ये मॅनेजर मैदानात! अंपायर त्यांना हाताने परत जा सांगतोय, हे आपले गुडघे धरत, सावकाश येतायत. सरळ अंपायरपाशी आले आणि म्हणाले, "टप्पा था. मेरी टीम अपील वापस लेती है."

मी पेटलो. सगळ्यांसमोर, मराठीत ओरडलो, "सत्तर पावलांवरून तुम्हाला काय दिसलं? डोळे आहेत का दुर्बीण?"

"बॉल नाही दिसला," ते हळूच म्हणाले. "तुझे पाय दिसले. कॅच घेतलेला कीपर धावत सुटतो रे. तू जागचा हलला नाहीस."

ज्याला परत बोलावलं त्याने दोन ओव्हरमध्ये मॅच संपवली. अर्बाब गाडीतून उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी टीम खलास. कीपरभाईंचं मॅनेजरपद गेलं, पाइपांना लेबलं लावायला बसवलं त्यांना. तिघा-चौघांनी इतर कंपन्यांत टीम शोधली, बाकीचे आम्ही कंपनीतच राहिलो, कारण यार्डाला आणि स्टोअरला आमची गरज होती. एकालाही विमानात बसावं लागलं नाही. त्या वेळी हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही. समोरून आले की मी रस्ता बदलायचो. कार्डांचा जमाना संपला होता, आता मोबाईलवर एकच बटण दाबायचं असे, तेवढं त्यांना जमत होतं, त्यामुळे माझी गरजही नव्हती त्यांना. मीच आपला शुक्रवारी मेसच्या खिडकीतून बघायचो. सावलीत उकिडवे, फोन कानाला. टीम नव्हती तरी लीगच्या मॅचेस बघून येऊन स्कोअर सांगायचे.

पुढे बोलायला लागलो. कोण आधी बोललं ते आठवत नाही, बहुतेक मीच. पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

गेल्या थंडीत त्यांना बौशरच्या हॉस्पिटलात ठेवलं. किडन्या गेल्या होत्या. मी ड्यूटीवरून दुपारचा जायचो. तिथे उकिडवं बसता येत नाही याचाच त्यांना जास्त त्रास. एक दिवस मी नखं कापून देत होतो. वाकड्या बोटांची नखं कापणं फार कठीण काम. तेव्हा एकदम म्हणाले, "बाबल्या माझा भाऊ नाही."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मधे दम खात. बाबल्या कणकवलीचा. दुसऱ्या कंपनीच्या टीमचा बॅट्समन. दोघेही तिकडचेच, म्हणून गाववाले. गुरुवारी संध्याकाळी दोघे मत्रहला समुद्रावर भेटायचे, चहा प्यायचे, मालवणीत बोलून घ्यायचे. वीस वर्षांपूर्वी दोघांच्या टीम फायनलला समोरासमोर आल्या. आदल्या दिवशी बाबल्याने सांगितलं की त्याच्या कंपनीला एकच बॅट्समन ठेवायचाय, उद्या रन झाले तर विसा रिन्यू, नाहीतर परत. गावात त्याचं लग्न ठरलेलं. मुलीकडच्यांनी गल्फचा नवरा म्हणून दिलेली. आणि इकडे कीपरभाईंची बोटं संपलेली. अर्बाबने नवा कीपर बघायला सुरुवात केली होती. फायनल जिंकली तर तुला मॅनेजर करतो, असं त्याने सांगितलेलं. हरली तर यांनाही विमान.

"चाळीसवर खेळत होता रे. काय सुंदर खेळत होता," कीपरभाई म्हणाले. "कड लागली. बॉल टप्पा पडून माझ्याकडे आला. अंपायरने विचारायच्या आधी बाबल्यानेच वळून विचारलं, टप्पो पडलो काय रे? मी म्हटलं, नाय रे, सरळ इलो."

"मग?"

"मग काय. गेला तो. माझ्या शब्दावर गेला. अंपायरकडे बघितलंसुद्धा नाही. दोन महिन्यांत त्याला परत धाडलं. लग्न मोडलं. ते मोडलं ते मोडलंच, आजपर्यंत एकटा आहे, भावाच्या दुकानात बसतो." त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला. "त्या कॅचवर मी मॅनेजर झालो."

मी म्हटलं, "भाई, वीस वर्षं दर शुक्रवारी बोलताय त्यांच्याशी. एकदा सांगून टाकायचं ना."

"दर शुक्रवारी सांगायलाच फोन लावतो," ते म्हणाले. "स्कोअर आधी सांगतो, म्हणजे धीर येतो. मग येतच नाही."

त्या शुक्रवारी मी त्यांचा मोबाईल त्यांच्या कानाला धरला. म्हटलं, आज बोलाच. मी बाहेर जाऊन उभा राहू का? नको म्हणाले. मी आदल्या दिवशीचा कुठला तरी स्कोअर कागदावर आणला होता, तो त्यांनी सांगितला. पावसाचं विचारलं. थंडीत कसला पाऊस? मग गप्प झाले. डोळ्यांतून पाणी उशीवर चाललेलं. तिकडचा माणूसही गप्प. मी मनात म्हणत होतो, बोला हो, बोला. आणि मग तेच, "बरा, ठेवतंय."

मंगळवारी ते गेले. कागदपत्रं, एम्बसी, विमान, सगळं अर्बाबने स्वतः उभं राहून केलं, हेही सांगायला हवं. एअरपोर्टवर पेटीवर हात ठेवून "माय फ्रेंड" म्हणाला आणि मला त्याच्याबद्दल वाटणारा सगळा राग त्या जागी निघून गेला. त्यांच्या मुलीने मोबाईल माझ्याकडेच ठेवायला सांगितला, त्यात कंपनीचे नंबर होते म्हणून.

पुढच्या शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, मी कंपनीच्या त्याच बिल्डिंगच्या सावलीला जाऊन बसलो. उकिडवाच बसलो. मी ठरवलं होतं, त्यांच्याने झालं नाही ते आपण सांगून टाकायचं. मेलेल्या माणसाचं ओझं असं पडून राहू नये. बाबल्याला निदान कळेल तरी, की तो आउट नव्हताच. बटण दाबलं. दोन रिंगांत फोन उचलला.

"नमस्कार. मी मस्कतहून, कीपरभाईंचा..."

"म्हायत आसा," पलीकडून आवाज आला. अगदी मऊ आवाज. "मालवणाक मी गेललंय. खांदो दिलंय त्याका."

मी गडबडलो. मग एका दमात म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्यांना सांगायचं होतं, जमलं नाही. ती फायनल होती ना, तो तुमचा कॅच..."

"टप्पो पडललो," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"माका तेव्हाच कळला. कॅच घेतल्यार कीपर धावत येता. तो थंयच बसललो. जागचो हाललो नाय."

"मग तुम्ही गेलात कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "थांबायचं ना! अंपायरला सांगायचं ना!"

"गाववालो सगळ्यांसमोर सांगता, सरळ इलो म्हणान. त्याका खोटो कसो पाडू?" तो म्हणाला. "माका वाटला, सांजेक खोलीर येतलो आणि सांगतलो. इलो नाय. मगे फोन इलो. म्हटला, आज सांगतलो. दर शुक्रवारी म्हटला, आज सांगतलो."

तिकडे मागे दुकानात कोणीतरी खिळे मागत होतं. बाबल्याने त्याला थांब म्हणून सांगितलं. मग त्याचा आवाज फुटला.

"'जाव दे रे', इतक्याच म्हणाचा होता माका त्याका. वीस वर्सां ता तोंडात धरून बसललंय. आता कोणाक सांगू?"

दोघंही फोन धरून बसलो. मग त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "आज मॅच होती मा? स्कोअर काय झालो?"

सकाळी मी मॅच बघायला गेलो होतो. म्हणून मी त्याला स्कोअर सांगितला.